पूर्ण पॅनल

मॅडम शुद्ध मराठी बोलायला लागल्या की आमच्या वॉर्डातली माणसं काही ना काही काम काढून हळूच बाहेर सटकायची.

एरवी त्या बोलायच्या ती पवनीची भाषा. घर विणकरांचं, हातमागावरचं. डॉक्टरकीसाठी नागपूर, मग मुंबई असं बरंच फिरून त्या जिल्ह्यात परतल्या, आणि परतताना बोली होती तशी घेऊन आल्या. समोर पेशंट असो, नर्स असो की ट्रस्टी, "का होऊन राहिलं तुमाले?" हाच प्रश्न आणि हाच सूर. पण कुणाचं चुकलं की सूर बदलायचा. "आपण हे कोणत्या विचाराने केलेत, डॉक्टर?" असं पाठ्यपुस्तकातलं वाक्य कानावर आलं, की ज्याला उद्देशून असेल त्याने समजून घ्यावं, आज जेवण उशिरा.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ट्रस्टींचा फोन येईल, आणि ते फोनवर फार वेळ बोलतात. मी तिथे ड्युटी डॉक्टर म्हणून लागलो तेव्हा कोरोना ओसरून दोनेक वर्षं झाली होती. जाताना तो एक सवय मागे ठेवून गेला होता: कोणी शिंकलं की घाल नाकात काडी. मी नागपूरच्या मोठ्या कॉलेजातून आलेला. हॉटेलात बसल्याबरोबर माणूस आधी पाणी मागतो, तशा आम्ही तिथे तपासण्या लिहायचो.

पावसाळ्याचा शेवट होता. वॉर्डात खोकल्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. मी पहिल्याच सकाळी कर्तव्यदक्षपणे नागपूरला पक्क्या तपासणीसाठी सगळ्यांच्या नाकातले नमुने घ्यायला सांगितले. नर्सने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं, ते मला तेव्हा कळलं नाही. मॅडम आल्या, ट्रे पाहिला, आणि विचारलं, हे कोणाचे. मी म्हणालो, सगळ्यांचे.

"अन् कायले?"

"म्हणजे... कळावं म्हणून, मॅडम."

पुढे कित्येक महिने माझं नाव 'कळावं-म्हणून' होतं. "आज रात्रपाळीले कोन हाये? कळावं-म्हणून हाये का?" असं त्या माझ्यासमोरच नर्सला विचारायच्या.

त्या सकाळी त्यांनी मला ट्रे हातात घेऊन खाटेखाटेशी नेलं. पहिल्या खाटेवर एक आजोबा होते, ताप उतरलेला, उद्या घरी जाणार. मॅडम म्हणाल्या, तपासणी 'हो' आली तर काय करशील? मी म्हणालो, घरी पाठवू. 'नाही' आली तर? तरी घरीच पाठवू. "दोन्ही उत्तरं एकच हायेत. मंग काडी कायले?" एक नमुना ट्रेमधून गेला. पुढची खाट एका गर्भार बाईची. खूप ताप, धाप लागलेली. मी उत्साहाने म्हणालो, 'हो' आला तर फ्लूचं औषध देऊ. निकाल कधी येईल? उद्या-परवा. तोवर काय करशील? मॅडमनी औषध ती बाई दाखल झाल्या झाल्याच सुरू केलं होतं. अशा पेशंटला निकालाची वाट बघायला लावायची नसते, आणि निकाल 'नाही' आला तरी त्या ते औषध इतक्यात थांबवणार नव्हत्या. म्हणजे इथेही काडी गेली. तिसरे गृहस्थ किडनीचे, डायलिसिसवर, आणि त्यांना कालपासून खोकला. आमच्याकडे वेगळी खोली एकच, जिन्याशेजारी. 'हो' आला तर ते त्या खोलीत जाणार आणि त्यांना औषध त्यांच्या किडनीला झेपेल असं मोजून द्यावं लागणार. 'नाही' आला तर इथेच राहणार आणि खोली दुसऱ्याला मिळणार. दोन उत्तरं वेगवेगळी होती. "हे पाठव," मॅडम म्हणाल्या, "अन् लवकर पाठव." फेरी संपली तेव्हा ट्रेमध्ये एवढा एकच नमुना उरला होता.

हा त्यांचा एकमेव नियम. दवाखान्यात सगळे त्याला 'दोन उत्तरं' म्हणत. स्वयंपाकघरातल्या बाईसुद्धा भाजीवाल्याशी घासाघीस करताना तो वापरायच्या.

त्या कंजूष होत्या असं मात्र नाही, तसं समजणारे फसायचे. गरज असली की मॅडम ट्रस्टींना जेवणावरून उठवून नागपूरला गाडी पाठवायला लावायच्या. त्यांचे वडील मागावर बसून म्हणायचे तेच त्या आम्हाला ऐकवायच्या: "धागा ओढून पाहाचा तं विनाच्या आधी. विनल्यावर ओढला तं भोक पडते." मला हे बरेच दिवस लुगड्यांबद्दल वाटायचं. मग एकदा मी बरा होऊन चाललेल्या पेशंटची उगाच एक तपासणी केली, तिचा निकाल काहीतरी विचित्र आला, त्यासाठी दुसरी केली, तिच्यासाठी तिसरी, आणि तो धडधाकट माणूस आठवडाभर घाबरून खाटेवर पडून राहिला. तेव्हा कळलं, भोक म्हणजे काय.

आमच्याकडे श्वासाच्या विषाणूंसाठी तीन पायऱ्या होत्या. पहिली दवाखान्यातच व्हायची: फ्लू आणि कोरोना, अर्ध्या तासात निकाल, पण जरा कच्चा. दुसरी नागपूरची: तेच दोघे, पण पक्की. तिसरीही नागपूरचीच, मात्र तिच्यात श्वासाचे वीसेक विषाणू एका दमात शोधायचे. तिला पॅनल म्हणत. तिची किंमत ऐकून नातेवाईक आधी खाली बसून घेत. मॅडमनी पॅनल कधी पाठवलं नाही असं नाही. रक्ताच्या कॅन्सरच्या एका मुलीचं त्यांनी स्वतःहून पाठवलं होतं, कारण तिथे प्रत्येक नावागणिक पुढचं पाऊल बदलणार होतं. पण माझ्या काळात ते तेवढंच.

आता चष्म्याबद्दल सांगायला हवं. मॅडमचा चष्मा मागावरच्या उरलेल्या रेशमी दोऱ्याने गळ्यात अडकवलेला असे. तो काढला की त्यांना समोरचा माणूस बाई की बुवा एवढंच कळायचं. आणि ज्या गोष्टी बघायची इच्छा नसे, त्या बघायच्या वेळी त्या चष्मा काढत. ट्रस्टींनी स्वतःच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी फाटकावर बसवली आणि कशी दिसते म्हणून विचारलं, तेव्हा मॅडमनी शांतपणे चष्मा उतरवला. "बेस दिसून राहिली," त्या म्हणाल्या, आणि ट्रस्टी दिवसभर खूश होते.

पॅनल विकायला कंपनीचा एक टायवाला आला, तेव्हाही चष्मा उतरला. त्याने गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक पुढे केलं. मॅडम म्हणाल्या, मला दिसत नाही, तूच वाच. त्याने सगळ्या विषाणूंची नावं घाम पुसत वाचली. मॅडमनी विचारलं, यातल्या कितींवर औषध आहे? तो प्रामाणिक निघाला, म्हणाला, तसं दोघा-तिघांवरच. "मंग बाकीच्याइची ओळख कायले करून देऊन राहिला, बाबू? सोयरीक कराची हाये का?" तो गेला. माहितीपत्रक मात्र मॅडमनी ठेवून घेतलं. कागद जाड होता. त्या दिवसापासून ते त्यांच्या डब्याखाली अंथरलं जाऊ लागलं, आणि दिवाळीपर्यंत त्याच्यावर लाखोळीच्या डाळीचे इतके डाग पडले, की काही विषाणू कायमचे नाहीसे झाले.

मला त्या बाईंची भीती वाटायची. आणि त्या रजेवर गेल्या की त्याहून जास्त वाटायची.

दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत, कोंढ्याकडच्या एका गावातून एक लेकरू आलं. आठ महिन्यांचं. छाती घुर्र घुर्र वाजत होती, बरगड्या आत ओढल्या जात होत्या, दूध पीत नव्हतं. सोबत त्याची आई, विशीतली, आणि आजी. म्हणजे सासू आणि सून. नवरा पुण्याला कंपनीत. तो फोनवर एकच वाक्य बोलायचा: "आई म्हनते तसं करा."

मी काय झालं, कसं झालं विचारायला बसलो. सगळी उत्तरं सासूबाईंनी दिली. सून मान खाली घालून लेकराचे पाय चोळत राहिली. सासूबाईंना स्वतःला सर्दी होती. पदर नाकाला लावतच त्यांनी मला रोगाचं मूळ सांगितलं.

"शिताफळ खाल्लं हिनं. पाजती बाई, अन् शिताफळ खाल्लं. थंडी दुधात उतरली, दुधातून पोराच्या छातीत गेली. मी नाही म्हनलं होतं."

त्यात दह्याचीही भर पडली, आणि डोक्यावरून आंघोळ करून ओल्या केसांनी पाजल्याचीही. मी सगळं ऐकून घेतलं. घरात आणखी कोणाला सर्दी आहे का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, माझीच होती हप्ताभर, पण ती साधी. मी तसं लिहून घेतलं.

लेकराला ऑक्सिजन लावला. फ्लू आणि कोरोनाची इथली तपासणी 'नाही' आली. एवढं लहान लेकरू, त्यात औषध द्यायचं की नाही हे त्यावर ठरणार, म्हणून मॅडमनी नागपूरचा पक्का निकालही मागवला. तोही 'नाही'. राहिले बाकीचे विषाणू. ते कोणीही असले तरी करायचं तेच होतं: ऑक्सिजन, नाक साफ ठेवणं, थोडं थोडं दूध, आणि वाट बघणं.

एवढ्यावर भागलं असतं. पण मी सासूबाईंना धीर द्यायला गेलो, आणि बोलता बोलता म्हणालो, याहून मोठी तपासणी म्हणजे नागपूरचं पॅनल, पण त्याची गरज नाही.

सासूबाई ताठ बसल्या. "कोनाचं पॅनल?"

मला माहीत नव्हतं, की गेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत या बाईंनी पॅनल उभं केलं होतं आणि ते सपशेल पडलं होतं. समोरच्याचं पूर्ण पॅनल निवडून आलं. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण त्या समोरच्याचा बाप मध्यंतरी नागपुरात दमा होऊन पडला होता, आणि मुलाने गावी येऊन पानठेल्यावर सांगितलं होतं, आमच्या बाबाचं पूर्ण पॅनल झालं. गावाने त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. सासूबाईंना तो आत्ता नीट लागला.

त्या थेट मॅडमसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "त्याच्या बापाचं पूर्ण पॅनल झालं. माह्या नातवाचं काहून नाही?"

मॅडमनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि त्यांना कळेल अशा भाषेत समजावलं. काकू, या पॅनलमध्ये वीसेक उमेदवार उभे आहेत. त्यातल्या दोघांवर आपल्याजवळ औषध आहे, त्या दोघांचा निकाल लागला, दोघेही पडले. आता बाकीच्यांतला कोणीही निवडून येवो, नातवाचं काम तेच होणार.

सासूबाईंनी हे फार लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "तरी मोजनी तं झाली पाह्यजे ना."

दुसऱ्या दिवशी लेकरू जरा सावरलं. मी जिन्याशी उभा होतो आणि सासूबाई पलीकडे फोनवर बोलत होत्या. त्या गावच्या मोठ्या आवाजात बोलायच्या, ऐकायची इच्छा नसली तरी ऐकू यायचं. सुनेच्या भावाला त्यांनी लाखांदूरकडून बोलावलं होतं. तो उद्या एसटीने येईल, बहिणीला दवाखान्यातूनच माहेरी घेऊन जाईल. पोरगं मात्र माझ्याजवळ राहील. जिला शिताफळ सोडवत नाही तिच्याजवळ मी माझा नातू ठेवत नाही. पलीकडून पुण्याचा आवाज आला असावा, कारण त्या म्हणाल्या, "मंग? मी म्हनते तसंच."

मी वॉर्डात गेलो. सून लेकराला कुशीत घेऊन बसली होती. नळी लावलेल्या त्या चिमुकल्या नाकाकडे ती नुसती बघत होती. तिला हे आधीच सांगून झालं होतं, हे तिच्या बघण्यावरून कळलं. माझा जीव तुटला.

मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, आपण पॅनल पाठवू या. मॅडम जेवत होत्या. त्यांनी घास खाली ठेवला. मी फोनवरचं सगळं सांगितलं. मग ठरलेला प्रश्न आला, पण नेहमीसारखा दरडावून नाही.

"'हो' आला तं का करशीन?"

"विषाणूचं नाव सासूबाईंना वाचून दाखवू. सीताफळाने नाही, याच्यामुळे झालं म्हणून."

"अन् काहीच नाही सापडलं तं?"

पॅनलमध्ये काही सापडलं नाही म्हणून विषाणू नव्हता असं होत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. छाती काय सांगत होती ते आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं. पण कोऱ्या निकालावर सासूबाई काय म्हणणार, तेही दिसत होतं. मी म्हणालो, मला माहीत नाही.

"मले माहीत हाये," मॅडम म्हणाल्या. "तरी वाचून दाखवीन. 'हो' आला तं चष्मा लावून, 'नाही' आला तं चष्मा काढून."

मी सवयीने बोलून गेलो. "मग मॅडम, दोन्ही उत्तरं एकच झाली."

बोललो आणि मला वाटलं, आता शुद्ध मराठी सुरू होणार. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदाच माझ्यावर खूश दिसल्या.

"बरोबर हाये, बाबू. मंग पाठवाचं कायले?"

त्यांनी डबा बाजूला सरकवला, त्याच्याखालचं माहितीपत्रक काढलं, रुमालाने पुसलं आणि उठल्या. मी मागोमाग गेलो. वॉर्डाच्या दारात त्यांनी चष्मा उतरवला.

सासूबाई खाटेशेजारी स्टुलावर होत्या. मॅडमच्या हातातला गुळगुळीत रंगीत कागद बघून त्या उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या खाटांवरचे खोकलेसुद्धा थांबले. मॅडमनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि मोठ्याने, अगदी शुद्ध मराठीत, वाचायला सुरुवात केली.

"सीताफळ. निगेटिव्ह."

सुनेने मान वर केली.

"दही. निगेटिव्ह. ओले केस. निगेटिव्ह. आईचे दूध. निगेटिव्ह." इथे त्या जरा थांबल्या, डाळीचा डाग पडला होता तिथे बोट ठेवलं आणि पुढे गेल्या. "श्वासाचा विषाणू. पॉझिटिव्ह. हवेतून येतो. साधी सर्दी झालेल्या माणसाकडून लहान लेकराला होतो. आईच्या खाण्यापिण्याशी संबंध नाही. आईचे दूध चालू ठेवावे, तेच औषध."

निकाल जाहीर करताना निवडणुकीचे साहेब असेच बोलतात. सासूबाईंनी तो लढलेल्या माणसासारखा ऐकला, सगळा, शेवटपर्यंत.

"पूर्ण पॅनल झालं?" त्यांनी विचारलं.

"एकही उमेदवार सोडला नाही," मॅडम म्हणाल्या.

सासूबाई खाली बसल्या. मग त्यांनी नाकाला लावलेला पदर हळूच काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि स्टूल खाटेपासून थोडं मागे ओढून घेतलं. हप्ताभराच्या त्यांच्या साध्या सर्दीबद्दल मॅडमनी एक अक्षर विचारलं नाही. चष्मा काढलेला होता, त्यामुळे पदर त्यांना दिसला नसावा.

दुसऱ्या दिवशी लाखांदूरकडून सुनेचा भाऊ पिशवी घेऊन आला. सासूबाईंनी त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, भाच्याले पाहाले आला, बरं केलं. त्याला फोनवर ऐकलेलं काहीतरी वेगळं आठवत असावं, पण तो समजूतदार होता. परतीच्या एसटीने गेला.

लेकराचा ऑक्सिजन निघाला, दूध नीट जाऊ लागलं, आणि घरी जायचा दिवस आला. सासूबाईंनी मॅडमकडे पॅनलचा कागद मागितला. गावात दाखवायला हवा होता, आणि कुठल्या पानठेल्यावर दाखवायचा हेही आम्हाला कळलं. मॅडम म्हणाल्या, तो कागद दवाखान्याचा आहे, बाहेर जात नाही. त्याऐवजी त्यांनी सुट्टीचं कार्ड ओढलं, चष्मा लावला, सल्ल्याच्या रकान्यात सगळ्यात वर लिहिलं, 'आईने सीताफळ खाण्यास हरकत नाही', खाली सही केली, आणि सहीवर दवाखान्याचा गोल शिक्का मारला. सासूबाईंनी शिक्का बघून कार्ड घडी न करता पिशवीत ठेवलं. मग पिशवी त्यांनीच उचलली, कारण लेकरू सुनेच्या कडेवर होतं.

दाराशी गेल्यावर सून थांबली. इतक्या दिवसांत तिचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. सासू पुढे गेली आहे हे बघून ती परत फिरली आणि मॅडमना हळूच विचारलं, "मॅडम, दोन खाल्ले तं चालन का?"

मॅडमच्या डोळ्यांवर चष्मा होता. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग लेकराकडे.

"एक खाल्लं तं याले का होईन?"

"काई नाई."

"अन् दोन खाल्ले तं?"

"काई नाई."

"दोन्ही उत्तरं एकच हायेत. मंग मले कायले इचारून राहिली, बाई? खा."